हजारात तीन

जीमेल रोज जवळपास १५ अब्ज नकोसे मेल अडवतं, असं गूगलने २०२३ मध्ये सांगितलं. पंधराशे कोटी! दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे सेकंदाला एक लाख त्र्याहत्तर हजारांच्या वर. भारतात तान्ह्या बाळांसकट सगळ्यांना वाटायचे म्हटले, तर माणशी रोज दहा तरी येतील.

असे ९९.९ टक्क्यांहून जास्त मेल आपण पकडतो, असाही गूगलचा दावा आहे. कुठल्याही सरकारी खात्याला हेवा वाटावा असा हा निकाल. पण हजारातला एक जरी सुटला, तरी दिवसाकाठी दीड कोटी आत शिरले. म्हणून चाळण बारीक ठेवावी लागते, आणि मग तिच्यात भोसरीतल्या एखाद्या पंप कारखान्याचं कोटेशनही अडकतं.

कारखान्यात हे कळतं ते गिऱ्हाइकाच्या फोनवरून. "अहो, कोटेशन कुठाय?" मग कोणीतरी मेल उघडून बघतं, तर पाठवलेलं पत्र परत आलेलं. वर इंग्रजी मजकूर, सुरुवातीला ५५० हा आकडा. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता नको, नंतर बघू. पाचने सुरू होणारा म्हणजे साफ नकार. त्यापुढे ५.७.१ आणि कारण: पाठवणाऱ्या डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, पत फारच खालावली आहे. कंपनी तीस वर्षांची असेल, बँकेत एकही चेक परत गेला नसेल. इथे त्याला कोणी विचारत नाही.

ही पत ठरते कशी? जीमेलच्या खासगी खात्यांवर दिवसाला ५,०००च्या आसपास मेल पाठवणारा गूगलच्या लेखी घाऊक पाठवणारा. एकदा हा टप्पा गाठला की शिक्का कायमचा, उद्यापासून दहाच मेल पाठवले तरी. सबडोमेन वेगवेगळी केली तरी बेरीज एकाच नावावर होते. फेब्रुवारी २०२४ पासून या मंडळींना नियम असा: 'स्पॅम' म्हणून तक्रार करणाऱ्यांचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत ठेवा, ०.३ला पोचूच नका. म्हणजे ५,००० मेलमागे पाच तक्रारी खपतात, पंधरा झाल्या की संपलं. विकत आणलेल्या यादीवर दिवाळी ऑफर पाठवून बघा, पंधरा माणसं सकाळचा चहा संपायच्या आत मिळतील. माझ्या मते खरं दुखणं ती यादीच आहे. बाकीची बरीचशी मलमपट्टी.

त्यात रिपोर्ट बघणारा हमखास फसतो. तक्रारींची टक्केवारी काढतात ती इनबॉक्समध्ये पोचलेल्या मेलवर. पत ढासळली की बहुतेक मेल परस्पर स्पॅममध्ये जातात, तिथे कोणी फिरकत नाही, तक्रारही करत नाही. आकडा दिसतो झकास, ऑर्डरी मात्र येत नाहीत.

दुसरी अडचण ओळखीची. मेल पोचवण्याचे मूळ नियम, एसएमटीपी, १९८२चे. त्यात पाठवणारा खरा की खोटा हे तपासायची सोयच नव्हती, कारण नेटवर्क इवलंसं होतं. पहिला जाहिरातीचा मेल मे १९७८मध्ये गेला, तोही सुमारे ४०० जणांनाच. ओळख पटवणारं एसपीएफ नंतर आलं. आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्याची ती जाहीर नोंद. पण ती तपासताना डीएनएसकडे, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीकडे, जास्तीत जास्त दहा चौकशा करता येतात. कंपनी अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर घेते, मग पगाराचं, मग न्यूजलेटरचं. प्रत्येकाची एक ओळ, तिच्या पोटात आणखी दोन-तीन. अकरावी चौकशी लागली की सगळी नोंदच बाद. आयटीवाला म्हणतो, "रेकॉर्ड तर आहे ना!" आहे, पण चालत नाही.

या कडकपणाचा परिणाम दिसतो, हे मान्य करायला हवं. २०२४ मध्ये ओळख न पटलेले मेल २६५ अब्जांनी घटले, असं गूगल सांगतं. पण घाऊक पाठवणाऱ्याने एकदा ०.३ ओलांडलं, की सलग सात दिवस त्याखाली राहिल्याशिवाय गूगलकडे दादही मागता येत नाही. तोवर कोटेशनची पीडीएफ व्हॉट्सॲपवर जाते, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईक ती तिथेच आधी उघडतं.