अर्ध्या ब्लेडचा वस्तरा

ब्लेड कागदातून बाहेर काढायचं नाही. वेष्टनासकट दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचं आणि लांबीत दुमडायचं. ‘कट्’ असा आवाज होतो आणि एका ब्लेडची दोन पाती होतात. एक पातं वस्तऱ्याच्या खाचेत सरकतं, दुसरं पुढच्या गिऱ्हाइकासाठी त्याच कागदात राहतं. बुलढाणा जिल्ह्यात चिखली–खामगाव रस्त्यावरच्या अमडापुरात काय, किंवा घाट उतरून खाली गेल्यावर लागणाऱ्या एखाद्या खेड्यात काय, सलूनच्या खुर्चीत मान टेकली की हेच दिसतं. दुकानातून येतं ते ब्लेड दोन धारांचं, गालावर चालतं ते मात्र एका धारेचं.

एका धारेचा सुरक्षित रेझर ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या कॅम्फे बंधूंनी 1880 साली असा रेझर काढला. पुढे ‘जेम’, ‘एव्हर-रेडी’ ही नावं अमेरिकेत घराघरांत गेली. त्यांची पाती जाड असत आणि पाठीला कणा असे. किंग कॅम्प जिलेटने पातळ, दोन धारांचं, वापरून फेकायचं पातं आणलं आणि 1904 साली त्याचं पेटंट घेतलं. आपल्या बाजारात हेच पातं रुजलं, कण्याची पाती किराणा दुकानापर्यंत फारशी आली नाहीत. एका धारेची गरज आपल्या कारागिरांनी जिलेटच्याच पात्याचे दोन भाग करून भागवली. पातं उत्तम मोडतं, कारण कडक केलेलं पोलाद ठिसूळ असतं आणि मधली लांब खाच मोडीला वाट देते. त्याची जाडी सुमारे 0.1 मिलिमीटर असते. एका ब्लेडमध्ये दोन दाढ्या होतात, हा हिशेब तर उघडच आहे.

या वस्तऱ्याआधी होता तो खरा वस्तरा. धोकटीत तो, नराणी, कात्री, वाटी, आरसा आणि चामोटी एवढा संसार घेऊन न्हावी घरोघर, मळ्यात, पारावर जात असे. वस्तऱ्याचं पातं कार्बन पोलादाचं. त्याला दगडावर धार लावायची, मग चामोटीवर मागे-पुढे फिरवून ती धार बसवायची. ओला ठेवला तर गंज हमखास, म्हणून काम झालं की पुसून तेलाचा हात फिरवायचा. गिऱ्हाइकाच्या मानेखाली आग झाली तर दोष साबणाला देता येत नसे, कारण धार कारागिराने स्वतःच्या हाताने लावलेली असे. या कामाचा मोबदला सुगीला बलुत्याच्या ज्वारीच्या रूपात मिळायचा, धार लावण्याच्या श्रमांची वेगळी मोजदाद नव्हती.

हे हत्यार कुठे चालवायचं आणि कुठे नाही, हा निर्णयही धरणाऱ्याचाच होता. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 साली मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांच्या केशवपनासाठी वस्तरा उचलायचा नाही असं ठरवलं. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या हत्याराची सर्वांत मोठी नोंद आहे ती ते खाली ठेवल्याची.

ब्लेड आलं आणि देखभालीचा अर्थच उलटला. वस्तऱ्याची देखभाल म्हणजे धार राखणं, ब्लेडची देखभाल म्हणजे ते वेळेवर टाकणं. हे पचायला आपल्या काटकसरी घरांना वेळ लागला. काचेच्या ग्लासाच्या आतल्या अंगाला बोटाने दाबून ब्लेड घासायचं आणि धार परत आली असं समजायचं, ही रीत कित्येक घरांत होती. जुन्या कार्बन पोलादाच्या ब्लेडला त्याने थोडा फरक पडतही असेल. पण 1960 नंतर स्टेनलेस ब्लेड आली. ब्रिटनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीच्या स्टेनलेस ब्लेडनी बाजार हलवला, तेव्हा जिलेटलाही तशी ब्लेड काढावी लागली. या पोलादात साधारण 13 टक्के क्रोमियम असतं आणि धारेवर टेफ्लॉनच्या जातीचा अतिपातळ लेप असतो. तो लेप आहे म्हणून ब्लेड कातडीवरून सरकतं. ग्लासावर घासलं की आधी लेपच जातो. टॉवेलला पुसलं तरी तेच होतं.

ब्लेड निवडायचं कसं? टपरीवर किंवा जनरल स्टोअरमध्ये सुपरमॅक्स, टोपाझ, सेव्हन ओ’क्लॉक ही ओळखीची नावं. सुपरमॅक्स मूळचं ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचं, म्हणजे अस्सल महाराष्ट्रात घडलेलं. पाकिटावर ‘प्लॅटिनम’, ‘क्रोम’, ‘स्टेनलेस’ असे शब्द असतात, पण निर्णय द्यावा तो गालाने. राठ, दाट दाढीला धारदार ब्लेड लागतं. बोथट ब्लेड अशा दाढीत केस कापण्याऐवजी ओढतं, मग हात नकळत जोर देतो आणि कातडी सोलते. विरळ दाढी आणि नाजूक कातडी असेल तर जरा सौम्य ब्लेड बरं. एकदम मोठा पुडा घेऊ नये. दोन-तीन जातींची एकेक पाकिटं आणावीत, साबण, पाणी आणि रेझर तेच ठेवून प्रत्येक ब्लेड काही दिवस चालवावं. साबण आणि ब्लेड एकदम बदललं तर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा ते कळत नाही.

सलूनमध्ये आणखी एक कसोटी लागते. घरच्या रेझरमध्ये पूर्ण ब्लेड वाकवून, दोन पट्ट्यांत आवळून बसवलेलं असतं, त्यामुळे ते थरथरत नाही. शिवाय पुढची पट्टी कातडी दाबून धरते. वस्तऱ्यातलं अर्धं पातं सपाट आणि उघडं. तिथे कोन सांभाळायचा तो मनगटाने, साधारण 30 अंशांचा. ब्लेड सरळ रेषेत मोडलं नाही तर पातं खाचेत तिरकं बसतं आणि एक कोपरा पुढे येतो. कानाजवळची बारीक लाल रेघ बहुतेक वेळा या कोपऱ्याची असते.

केसाहून पोलाद सुमारे 50 पट कठीण. मग केस ब्लेडला हरवतो कसा? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2020 साली ‘सायन्स’ नियतकालिकात याचं उत्तर दिलं. धार हळूहळू झिजून गोल होते एवढंच कारण नाही. पोलादाची अंतर्गत रचना सगळीकडे सारखी नसते. केस वाकून विशिष्ट कोनातून धारेवर आला आणि नेमका अशा कमकुवत जागी लागला, तर तिथला बारीक कपचा उडतो. एक कपचा उडाला की शेजारी दुसरा उडायला सोपं जातं. म्हणून दाढी भिजवणं हा शौक नाही. केस पाणी पिऊन मऊ होतो आणि कापायला कमी जोर लागतो. तोंडाला कोमट पाणी लावून दोन मिनिटं थांबणं हीच ब्लेडची खरी निगा.

पाण्याची दुसरी बाजूही आहे. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा भाग आहे. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि त्यातले क्षार स्टेनलेस पोलादालाही टोचे पाडतात. अशा ठिकाणी दाढी झाली की रेझर सैल करून शेवटची धुलाई जमल्यास पिण्याच्या पाण्याने करावी, झटकून उभा ठेवावा. ओल्या मोरीत, साबणाच्या वडीशेजारी पडलेलं ब्लेड दाढी न करताही खराब होतं.

पाण्याचा हा प्रश्न मोठ्या कंपनीलाही शिकावा लागला. जिलेटने 2002 च्या सुमारास भारतासाठी एक रेझर आणला. त्याची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर झाली होती आणि त्यांच्या घरी वाहता नळ होता. इथे माणूस जमिनीवर बसून, वाटीभर पाण्यात दाढी करत होता. वाटीत बुडवून रेझरमधले केस निघेनात. मग 2010 साली ‘जिलेट गार्ड’ आला. धुवायला सोपा, पातं एकच, तेव्हा रेझर 15 रुपयांना आणि पातं 5 रुपयांना होतं. पात्यांची संख्या वाढवत नेणाऱ्या कंपनीला आपल्याकडे पुन्हा एका पात्यावर यावं लागलं.

एचआयव्हीच्या जागृतीनंतर सलूनमध्ये ‘भाऊ, ब्लेड नवं टाकजो’ हे वाक्य रुळलं. खरी जास्त भीती हेपॅटायटिस बीची. त्याचा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस तग धरतो आणि त्याला डोळ्यांना न दिसणारं रक्तही पुरतं. म्हणून पातं डोळ्यांसमोर मोडलं जाईल हे पाहावंच, पण ते ज्या खाचेत बसतं तिच्याकडेही पाहावं. साबण आणि केस साचलेल्या खाचेत नवं पातं घातलं तर निम्मंच काम झालं. वस्तरा उघडून ब्रशने घासायचा, मग जंतुनाशकात बुडवायचा, ही आजची चामोटी. तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालावरून फिरत असेल तर ब्लेड नवं असून उपयोग नाही.

शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. वापरलेलं ब्लेड शहरात कचरा वेचणाऱ्याच्या हातात जातं. गावात ते उकिरड्यावर जातं, तिथे गुरं तोंड घालतात. उकिरड्यातलं खत पेरणीआधी शेतात जातं आणि ते पसरणारे हात बहुधा उघडे असतात. पावडरच्या रिकाम्या डब्याला वर बारीक चीर पाडली की घरातली वापरलेली ब्लेड त्यात कितीतरी काळ मावतात. सलूनला मोठा डबा लागेल. तो भरला की चीर चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ब्लेड’ असं ठळक लिहून घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळा द्यावा. घंटागाडी येत नसेल तिथे ग्रामपंचायतीकडे तशी सोय मागावी. ब्लेडवर खर्च करताना हा डबाही त्या खर्चातच धरायला हवा.