फुगलेल्या शिरा आणि पोटरीचा पंप

व्हेरिकोज व्हेन्स दिसल्या की घरचे पहिला सल्ला देतात तो आरामाचा. पाय उंच ठेवून पडल्यावर सूज उतरते, हे खरंच. पण पायातलं रक्त वर चढवण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात, आणि ते खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. निश्चल उभं राहिल्यावर घोट्याजवळच्या शिरांतला दाब ८०-९० मिमी पाऱ्यापर्यंत जातो. झडपा शाबूत असतील तर चालताना तो ३०च्याही खाली येतो. झडपा सैल असल्या तरी पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतातच, म्हणून झडपा सैल पडलेल्यांनीही चालायलाच हवं. तासन्‌तास उभं राहणाऱ्या कंडक्टरने, शिक्षिकेने अधूनमधून टाचा उचलाव्यात.

‘मग पायाला दाब देणारे घट्ट स्टॉकिंग्ज पुरेत, शिरेवर उपचार कशाला?’ असं कुणी विचारेल. स्टॉकिंग्ज दाब आवरतात, झडप दुरुस्त करत नाहीत. २०१८च्या ब्रिटनमधल्या ‘एव्हरा’ चाचणीत शिरांच्या विकारामुळे पायावर जखम झालेले ४५० रुग्ण होते. स्टॉकिंग्ज-पट्ट्यांच्या जोडीला सदोष शीर लवकर बंद केली, तेव्हा जखम भरायचा मध्यक काळ ८२ दिवसांवरून ५६वर आला. धमन्यांचा रक्तपुरवठा कमी असेल तर मात्र घट्ट स्टॉकिंग्ज घातक ठरतात. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, खोल शिरेत गुठळी असू शकते.