खर्ज किती आणि कोणता? महागड्या हेडफोनांच्या तुलनेतली मेख

महागडा हेडफोन घेऊ पाहणारा ग्राहक बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो ‘बास कसा आहे?’ हा. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. खर्ज ही एकजिनसी गोष्ट नव्हे. मानवी श्रवणाची खालची मर्यादा सुमारे २० हर्ट्झ मानतात. तिथपासून ४० हर्ट्झपर्यंतचा नाद ऐकू येण्यापेक्षा जाणवतो अधिक. बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला बोलते. तिथून शंभरपर्यंत तालवाद्यांचा गाभा असतो. त्यावरच्या, अडीचशेपर्यंतच्या पट्ट्याने आवाजाला ऊब येते. एखादा हेडफोन यांपैकी एका पट्ट्यात उदार आणि दुसऱ्यात कृपण असू शकतो. लाखाच्या घरातली खरेदी फसते ती नेमकी इथे.

उदाहरणादाखल दोन नामांकित हेडफोन घेऊ. सेनहायझरचा एचडी ६५० हा डायनॅमिक जातीचा: लहान गोल पडदा आणि त्याला चिकटवलेले तारेचे वेटोळे. ऑडिझीचा एलसीडी-२ हा प्लॅनर मॅग्नेटिक जातीचा: चुंबकांच्या पट्ट्यांसमोर ताणलेला पातळ, रुंद पडदा आणि त्यावरच रेखलेला विद्युतमार्ग. दोन्ही उघड्या पाठीचे. मापनाच्या आलेखात मात्र त्यांचे स्वभाव निराळे दिसतात. एचडी ६५० चा आलेख शंभर-दीडशे हर्ट्झच्या आसपास किंचित फुगतो आणि पुढे खाली जाताना उतरत जातो. एलसीडी-२ चा आलेख २० हर्ट्झपर्यंत जवळजवळ सपाट राहतो.

याचे कारण पडद्याइतकेच त्याच्या पुढ्यातल्या हवेत आहे. खोलीतल्या स्पीकरला मोठ्या अवकाशातली हवा हलवावी लागते. हेडफोनला फक्त कान आणि पडदा यांमधल्या ओंजळभर पोकळीत दाब निर्माण करायचा असतो. पोकळी बंद असेल तर खालच्या स्वरांतही दाब टिकतो. फट असेल तर मंद कंपनांना बाहेर निसटायला वेळ मिळतो आणि सर्वांत आधी खर्जच गळतो. एचडी ६५० च्या कापडी गाद्यांतून हवा झिरपायला वाव असतो, तर एलसीडी-२ च्या जाड, चामड्यासारख्या गाद्या डोक्याला घट्ट बसतात. म्हणूनच एलसीडी-२ सारख्या हेडफोनांना चष्म्याची काडी अधिक महागात पडते. दुकानात चष्मा लावून एक हेडफोन ऐकायचा, चष्मा काढून दुसरा ऐकायचा आणि निकाल द्यायचा, ही तुलना नव्हे.

दुसरी फसगत आवाजाच्या पातळीची. हळू आवाजात आपला कान खर्जाच्या बाबतीत फारच बधिर असतो. आंतरराष्ट्रीय मानकातील समश्राव्यतेच्या वक्रानुसार १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. साहजिकच, दोन हेडफोनांपैकी जो थोडा मोठ्याने वाजतो तोच अधिक खर्जदार भासतो. दोन्हींची पातळी मोजून सारखी केल्याशिवाय दिलेले मत मनोरंजक असेल, विश्वासार्ह नसेल.

ॲम्प्लिफायरही यात हात घालतो. एचडी ६५० चा नाममात्र रोध ३०० ओहम असला तरी शंभर हर्ट्झच्या अलीकडे तो पाचशेच्या आसपास चढतो. १२० ओहम आउटपुट रोधाच्या जुन्या धाटणीच्या ॲम्प्लिफायरवर तो लावला, तर तेवढ्या पट्ट्यात सुमारे एक डेसिबलची वाढ होते. प्लॅनरचा रोध सर्वत्र जवळपास सारखा असल्याने त्याच्या बाबतीत असा फरक पडत नाही. ‘अमुक ॲम्प्लिफायरने बास खुलला’ या अनुभवामागे पुष्कळदा एवढेच गणित असते.

मग श्रेष्ठ कोणता? शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हार्मन कंपनीत २०१३ पासून प्रसिद्ध केलेल्या संशोधनात बहुसंख्य श्रोत्यांनी चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा, म्हणजे थोडा उंचावलेला खर्ज पसंत केला. त्या मापाने एलसीडी-२ खोलीत सरस असला, तरी तोही खर्ज उंचावत नाही, सपाटच ठेवतो.

परंतु आपण ऐकतो काय, हा प्रश्न उरतोच. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा असेल, तर तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते. डग्ग्याचा घुमाराही बहुतांशी त्याच्या वरच नांदतो. हिंदुस्थानी संगीताच्या रसिकाला ४० हर्ट्झखालच्या सपाटीचा उपयोग क्वचितच होतो. उलट एचडी ६५० चा तो ‘दोष’, शंभरावरचा फुगवटा, डग्ग्याला गोलाई देतो आणि ऐकणाऱ्याला खर्ज भरपूर असल्याचे समाधान मिळते. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत किंवा चर्चमधला पाइप ऑर्गन ऐकणाऱ्याने मात्र एलसीडी-२ चीच वाट धरावी. मोठ्या ऑर्गनच्या ३२ फुटी नळीचा स्वर तर १६ हर्ट्झच्या आसपास उतरतो.

खर्ज कमी वाटला म्हणून आवाज वाढवत नेणे हा सर्वांत वाईट उपाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलची मर्यादा आठवड्याला ४० तासांची आहे. त्याऐवजी खर्जाचा संथ तुकडा लावून दोन्ही वाट्या तळहातांनी किंचित दाबून पाहाव्यात. खर्ज एकदम भरून आला, तर गाद्या नीट टेकत नाहीत किंवा वापरून चपट्या झाल्या आहेत, असे समजावे. अशा वेळी नवा हेडफोन घेण्याआधी नव्या गाद्या घ्याव्यात. त्या पुष्कळच स्वस्त पडतात.