निरोगी माणसाचं वजन दोराने कशाला उचलायचं?

आपल्या जिल्ह्यात लोणीला आणि अहिल्यानगरजवळच्या विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत, त्यामुळे ट्रेडमिल आपल्याला नवी नाही. आज बोलायचंय ते दोर लावलेल्या ट्रेडमिलबद्दल. छाती-कमरेला पट्टे बांधायचे, वरून दोराने थोडं वजन उचलून धरायचं आणि चालायचं. समजा, तुमचं वजन ७० किलो आहे आणि आधार ३० टक्के दिला, तर २१ किलो दोरावर गेले, पायांवर ४९ उरले. अर्धांगवायू झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवण्यासाठी ही पद्धत वापरतात.

मग ती धडधाकट माणसांवर का तपासायची? कारण साधं आहे. रुग्णाची चाल बदललेली दिसली, तर तो बदल आजारामुळे की दोरामुळे, हे कळायला हवं. कॅनडात मॉन्ट्रियलला फिंच, बार्बो आणि आर्सेनो यांनी १९९१ साली हेच मांडलं. त्यांनी दहा निरोगी पुरुषांना शून्य, ३०, ५० आणि ७० टक्के आधार देऊन चालवलं. आधार मिळाला तसा दोन्ही पाय एकाच वेळी टेकलेले असण्याचा काळ घटला, एकाच पायावर भार असण्याचा वाढला. खुबा आणि गुडघा यांची हालचालही कमी झाली. म्हणजे दोर लावला की निरोगी माणसाचीही चाल बदलते.

आता गंमत ऐका. वजन हलकं केलं की श्रमही तेवढेच हलके होतील, असं वाटतं ना? तसं होत नाही. फार्ली आणि मॅकमहन यांनी १९९२ मध्ये दाखवलं की ७५ टक्के भार उचलला तर पळताना लागणारी ऊर्जा ७२ टक्क्यांनी घटते, चालताना मात्र फक्त ३३ टक्क्यांनी. असं का? झोपाळ्यावर बसलेल्या पोराला ढकलून बघा. त्याचं सगळं वजन दोरीवर असतं, तरी ढकलायला जोर लागतोच. तसंच इथे. दोर भार पेलतो, पण शरीर पुढे ढकलायचं आणि पाय पुढे टाकायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.

आता आपल्या घरचा प्रश्न. कुणाला अर्धांगवायू झाला की आपण विचारतो, "मशीन कुठंय? मोठ्या शहरात न्यायचं का?" अमेरिकेत ४०८ रुग्णांवर केलेल्या 'लीप्स' चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना दोराच्या ट्रेडमिलवर सराव दिला, काहींना फिजिओथेरपिस्टने घरी येऊन ताकदीचे नि तोलाचे व्यायाम करून घेतले. वर्षाने पाहिलं तर एकूण ५२ टक्के रुग्णांची चालण्याची क्षमता वाढली होती आणि दोन्ही पद्धतींच्या सुधारणेत फरक दिसला नाही.

तेव्हा मशीन मिळालं तर जरूर वापरा. पण विचारा, आज आधार किती टक्के आहे आणि तो कधी कमी करणार? नाही मिळालं, तर त्यासाठी शेत गहाण टाकू नका. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम नीट शिकून घ्या, शेजारी आधाराला माणूस ठेवा आणि रोज करा.