घाट चढणाऱ्याचे अन्न आणि विसावा

खोपोलीहून लोणावळ्यापर्यंतचा रस्ता सुमारे 550 मीटर चढतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा बोरघाट सर्वांत आधी सर करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो, आणि मावळातील मुलांना त्याचे अप्रूप वाटणे स्वाभाविकच आहे. चढावर पायांतले बळ एकाएकी सरले, की नवखा सायकलपटू आपला सराव कमी पडला असे समजतो. पुष्कळदा कमी पडलेले असते ते अन्न.

स्नायू आणि यकृत यांत मिळून साधारणतः 400 ते 500 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली असते. जोराने सायकल चालविल्यास हा साठा दीड-दोन तासांत आटतो. शरीरात चरबी मुबलक असली तरी तिच्यापासून शक्ती संथपणे मिळते. चढावर ती पुरी पडत नाही. म्हणून लांबच्या सवारीत भुकेची वाट न पाहता दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. एका मध्यम केळ्यातून सुमारे 25 ग्रॅम मिळतात. लोणावळ्याची चिक्कीही उत्तम, परंतु शेंगदाण्यातील स्निग्धांश पचण्यास वेळ लागतो. ती घाटाच्या पायथ्याशी नव्हे, तर सपाटीवर खावी.

युरोपातील व्यावसायिक सायकलपटू चिकट भाताच्या वड्या कागदात गुंडाळून खिशात बाळगतात. त्यासाठी आपणांस निराळा तांदूळ शोधावा लागत नाही. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात निर्माण झालेला आणि 1987 साली प्रसारित झालेला इंद्रायणी मुळातच मऊ व चिकट शिजतो. त्यात गूळ किंवा मीठ घालून थापलेली वडी सहज टिकून राहते. मात्र सकाळची वडी दुपारच्या आत संपवावी, उन्हात भात लवकर बिघडतो. घामावाटे मीठही जाते. केवळ साधे पाणी अतोनात पिणे घातक ठरू शकते. एक लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे अतिसारावरील घरगुती पेय येथेही उपयोगी पडते. मावळच्या पावसात घाम जाणवत नाही, एवढ्यावरून तो येत नाही असे मानू नये.

सरावाने स्नायू झिजतात. ते सुधारतात विसाव्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल चालवायची असेल तर परतल्यावर लवकरच भात-आमटी अथवा भाकरी-पिठले, आणि जोडीला सुमारे 20 ग्रॅम प्रथिने घ्यावीत. दोन अंडी व एक मोठा पेला दूध यांत ती मिळतात. काटकसरीने संसार चालविणाऱ्या पालकांनी हजारो रुपयांच्या डब्यातील भुकटीपायी कर्ज काढू नये, असे मला मनापासून वाटते.

झोपेबद्दल मात्र एक गैरसमज पसरला आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली ती एकट्याने पूर्ण केली. अशा शर्यतीत झोपेला फारच थोडा वेळ मिळतो. ते ऐकून मुले जागरणालाच पराक्रम समजू लागतात. शर्यतीचे ते दिवस वेगळे आणि सरावाचे महिने वेगळे. किशोरवयीन मुलांना रोज 8 ते 10 तास झोप हवी. त्यांची वाढ व स्नायूंची डागडुजी तिच्यावरच अवलंबून असते.

सर्वांत अधिक काळजी मुलींविषयी वाटते. हलके झाल्यास चढ सोपा जातो म्हणून काही जणी जेवण तोडतात. पाळी लांबली वा थांबली तर तो मेहनतीचा परिणाम म्हणून सोडून देण्यात येते. वस्तुतः शरीराला खर्चाइतके अन्न मिळत नसल्याची ती खूण असू शकते, आणि त्यातून हाडे ठिसूळ होतात. अशा वेळी सराव कमी करून डॉक्टरांना दाखवावे व हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. जेवणाबरोबरचा चहा अन्नातील लोह शोषू देत नाही. तो तासाभराने घ्यावा, आणि पालेभाजीवर लिंबू पिळावे.