संकासुराचा काळा वेश आणि गिटारचे दहा अवतार

दिवाळी सरली आणि गावोगावच्या जत्रा लागल्या की कोकण रेल्वेने नवी मुंबईतला चाकरमानी सिंधुदुर्गात उतरतो. तिथे देवळासमोर रात्रभर विष्णूच्या दहा अवतारांच्या नावाचे लोकनाट्य, दशावतार, रंगते. त्याच दहा अवतारांवर 2017 साली मुंबईच्या ‘डेमॉनिक रिसरेक्शन’ या मेटल बँडने अख्खा अल्बम केला. नावही ‘दशावतार’च. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी.

साहिल मखिजा या गायक-गिटारवादकाने 2000 साली हा बँड उभा केला. मुंबईत रॉकची जत्रा तेव्हा धोबी तलावच्या रंगभवनात भरे. ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव 1986 पासून चालू होता. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे ते खुले नाट्यगृह या गजराला बंद झाले. मखिजाने स्वतःचे ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ काढले आणि इतर भारतीय बँडचे संगीतही त्यावर प्रसिद्ध केले. 2010 मध्ये ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाने ‘डेमॉनिक रिसरेक्शन’ला पुरस्कार दिला.

बँडचा सूर मेलॉडिक ब्लॅक मेटल आणि डेथ मेटल यांच्या सीमेवरचा आहे. त्यातल्या पहिल्या घराण्याची मुळे स्वीडनमध्ये सापडतात. तिथल्या ‘डिसेक्शन’ने 1993 साली ‘द सॉम्बरलेन’ आणि 1995 साली ‘स्टॉर्म ऑफ द लाइट्स बेन’ हे अल्बम काढले. शेजारच्या नॉर्वेतले बँड तेव्हा ध्वनी मुद्दाम खरखरीत ठेवत होते. डिसेक्शनने ती थंडगार कठोरता सोडली नाही, पण दोन गिटारींना एकमेकींच्या साथीने चाली गायला लावल्या.

हे नेमके ऐकायचे कसे? ड्रमवादकाचे दोन्ही पाय आणि दोन्ही हात सेकंदाला कितीतरी ठोके पाडत असतात. गिटारवादक एकच स्वर नखीने इतक्या भराभर छेडतो की सुटे आघात मिटून स्वराची सलग धार लागते. नवखा श्रोता या वेगालाच बिचकतो. पण त्या धारेवरून चाल मात्र सावकाश, स्वरामागून स्वर घेत सरकत असते. ताल चौगुनीत गेला तरी मूळ लय हातातून सुटू न देणे पखवाजाची सवय असलेल्या कानाला ठाऊक असते. इथेही कानाने ठोके मोजायचे नाहीत, चाल धरायची. एकदा ती सापडली की गोंगाट वाटलेले गाणे उलगडते.

मखिजाचा आवाजही दोन वाटांनी जातो: घशातून उठणारी घोगरी गर्जना आणि मध्येच मोकळा, सुरेल स्वर. अवतारांच्या कथांना ही जोडी फार शोभते. कोकणातल्या दशावतारात संकासुर हा राक्षस काळ्या वेशात, लाल जीभ लोंबवत येतो आणि मालवणीत बोलून मांडावर जमलेल्यांना हसवतो. पुढे आख्यानात नाट्यपदे येतात; पायपेटी, पखवाज आणि झांज त्यांना उचलून धरतात. भय आणि गोडवा एकाच रात्री, एकाच मांडावर नांदतात. काळ्या रंगाचे, राक्षसांचे आकर्षण युरोपातून आयात झाले असे म्हणणाऱ्याने एक रात्र संकासुरासमोर बसावे.

अल्बमचे शब्द मात्र मुख्यतः इंग्रजी आहेत. जगभरच्या श्रोत्यापर्यंत कथा पोचवायला ते सोयीचे, पण दशावतारी नटाचे तिथल्या तिथे सुचलेले, प्रत्येक गावात बदलणारे संवाद त्यात मावत नाहीत. हे उणेपण जाणवते.

दुसरा मुद्दा नवव्या गाण्याचा. यादीत नववा अवतार बुद्ध आहे. महाराष्ट्रात हा निरुपद्रवी तपशील नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एकीत, बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्ट शब्दांत नाकारले आहे. आपल्याकडच्या काही जुन्या दशावतार-चित्रांत तर त्या जागी विठोबा उभा दिसतो. पौराणिक यादीतला हा क्रम जसाच्या तसा उचलला गेला, तिथे या भूमीतला वाद गाण्याबाहेरच राहिला. एरवी इतक्या निर्भय वाटणाऱ्या संगीताने तो अंगावर घ्यायला हवा होता. गर्जना आणि मोकळा स्वर असे दोन आवाज एकाच गळ्यात असताना, वादाच्या दोन्ही बाजू गाण्यात उभ्या करता आल्या असत्या.