सोमल विष तेच, नेम वेगळा

सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायॉक्साइड. या पांढऱ्या पुडीला ना वास, ना फारशी चव. म्हणूनच जेवणात कालवून माणसं मारण्यासाठी ती शतकानुशतकं वापरली गेली. आज हाच सोमल रक्ताच्या एका कर्करोगावरचं प्रमुख औषध आहे.

तो कर्करोग म्हणजे ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात एपीएल. नॉर्वेच्या लीफ हिलेस्टाड यांनी १९५७ मध्ये त्याचं वर्णन केलं. अंगावर काळेनिळे डाग पडतात, हिरड्यांतून रक्त येतं आणि उपचार झाले नाहीत तर मेंदूत रक्तस्राव होऊन रुग्ण बघता बघता दगावतो.

१९७० च्या दशकात चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी एक गावठी औषध तपासायला घेतलं. त्यात सोमल होता, पाऱ्याचा क्षार होता आणि भेकाचं विषही. झांग तिंगदोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक घटक वेगळा करून पाहिला. गुण सोमलाचा होता. पुढे शांघायच्या संशोधकांनी त्याचं कार्य उलगडलं आणि २००० मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

एपीएलमध्ये १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि एक विकृत प्रथिन तयार होतं. ते पांढऱ्या पेशींना प्रौढ होऊच देत नाही. प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटणं हा आर्सेनिकचा स्वभाव. त्यामुळेच ते शरीरातली विकरं निकामी करतं, म्हणजे विष ठरतं. इथे मात्र ते नेमकं त्या विकृत प्रथिनाला चिकटतं. मग पेशी स्वतःच त्या प्रथिनाची विल्हेवाट लावते. अडलेल्या पेशी प्रौढ होतात किंवा मरतात.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत, कमी व मध्यम धोक्याच्या रुग्णांना सोमलासोबत 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेलं औषध दिलं गेलं. दोन वर्षांनी त्यांतले सुमारे ९९ टक्के रुग्ण हयात होते, तेही नेहमीच्या केमोथेरपीशिवाय.

पण सोमल निरुपद्रवी झालेला नाही. वजनाच्या दर किलोमागे रोज ०.१५ मिलिग्रॅम, एवढा काटेकोर डोस शिरेवाटे देतात. हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम वरचेवर तपासावं लागतं. ही देखरेख हाच उपचाराचा अर्धा भाग आहे. तेव्हा सोमल घातलेली पुडी कुणी 'कॅन्सरचा रामबाण उपाय' म्हणून हातावर ठेवली, तर ती घेऊ नका. थेट रक्तविकारतज्ज्ञाकडे जा.